बावखलाचं चित्र काढायचं कसं?

एलिमेंटरीची परीक्षा दिलेल्या प्रत्येकाच्या हातात एक निसर्गचित्र कायमचं बसलेलं असतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा अर्धा सूर्य, चार-पाच पक्षी, एक झोपडी आणि झोपडीच्या दारातून निघून थेट पानाच्या कोपऱ्यात जाणारी नदी. झोपेतून उठवलं तरी काढू. आम्हा वसईकरांना तर या चित्राला नावं ठेवायचीही सोय नाही, कारण आमच्याकडे सूर्य खरोखरच तुंगारेश्वरच्या डोंगरामागून वर येतो. फक्त मावळायला तो समुद्रावर जातो, तेवढं चित्रात बसत नाही.

मलाही निसर्गचित्र म्हणजे इतकंच येत होतं. त्यामुळे गेल्या जुलैत घरामागच्या बावखलाचं चित्र काढायला बसले आणि पाच मिनिटांत अडकले.

बावखल म्हणजे काय, हे विरार लोकलमधून रोज उतरणाऱ्या अर्ध्याअधिक लोकांनाही माहीत नसतं, म्हणून सांगते. निर्मळ, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी या पश्चिमेच्या पट्ट्यात वाड्यांमधून जुन्या लोकांनी खोदून ठेवलेले हे पाणसाठे. विहिरीपेक्षा मोठे, तळ्यापेक्षा लहान. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं. पूर्वी त्यावर रहाट असायचा आणि केळी, पानवेली, फुलझाडं त्या पाण्यावर वाढायची. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही इथल्या विहिरींना गोडं पाणी राहिलं, त्यात बावखलांचा मोठा वाटा आहे. आता वाडी विकली जाते तेव्हा बावखलही विकलं जातं, आणि विकत घेणाऱ्याला पाणी नको असतं, जमीन हवी असते.

आमच्या मागच्या बावखलाच्या पलीकडच्या कडेला जूनमध्ये डंपर आला. लाल माती आणि तुटक्या लाद्यांचा भराव पाण्यात उतरायला लागला. घरात थोडी बोलाचाली झाली, पण ती कड आमची नव्हतीच. मी फोनची गॅलरी उघडली. बावखलाजवळचे सतरा फोटो सापडले आणि सतराही फोटोंत मी पुढे उभी होते. कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेचे, मामेबहिणीच्या हळदीचे, असेच कुठले कुठले. मागे हिरवं काहीतरी, ब्लर. पोर्ट्रेट मोडने आपलं काम चोख केलं होतं.

म्हणून कागद घेऊन बसले. आणि लक्षात आलं की बावखलाला आउटलाइनच नाही. काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नाही, कारण पाण्यावर बारीक पानांच्या शेवाळाची साय. तिच्यात मधेच फट, फटीत आभाळ. आभाळात उलटा माड. वारा आला की माड तुटतो आणि पुन्हा जुळतो. खाली काहीतरी काळसर आहे, ते पाणी आहे की सावली की तळ, सांगता येत नाही. मी हिरवा रंग भरला. त्यावर गडद हिरवा भरला. आजी मागून बघून गेली. म्हणाली, "मैदान छान आलंय गं."

एक माणूस, वर्षाला पाच-सहा चित्रं

त्याच पावसाळ्यात कॉलेजच्या एका सबमिशनसाठी आम्ही चौघं काळाघोड्याला गेलो होतो. काम लवकर आटपलं, बाहेर धो धो पाऊस, छत्र्या दोनच. म्हणून एका चित्रप्रदर्शनात शिरलो. कलाप्रेम वगैरे काही नाही, एसी होता. तिथे वासुदेव गायतोंडे यांचा एक कॅनव्हास लावला होता. आमच्या ग्रुपमधल्या एकाने नाव वाचलं, फोनवर सर्च केलं आणि ओरडलाच, "अरे, यांचं एक चित्र २०१३ मध्ये तेवीस कोटींना गेलंय!" मग सगळेच पुढे सरसावले. दोन मिनिटं बघून प्रत्येकाने जे म्हणायचं असतं ते म्हटलं. हे तर माझा भाचापण काढेल. नक्की सरळ लावलंय ना?

मी काही म्हटलं नाही. मला बावखल दिसत होतं.

म्हणजे त्यात पाणी, माड असं काही नव्हतं. पण एका रंगाच्या आत दुसरा रंग होता, त्याच्या आत अजून एक, आणि सगळ्यात आतून कुठूनतरी उजेड येत होता. काही आकार त्यावर तरंगत होते की त्यात बुडत होते, ते कळत नव्हतं. मला जे हिरव्या पोस्टर कलरने जमलं नव्हतं नेमकं ते या माणसाने केलं होतं, आणि तेही बावखल न काढता. हे केलं कसं? परतीच्या विरार फास्टमध्ये, दोन बायकांच्या मध्ये उभी राहून, मी हेच वाचत आले.

गायतोंडे मूळचे गोव्याकडच्या घराण्यातले. जन्म १९२४ चा, नागपूरचा. वाढले गिरगावातल्या चाळीत. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ मध्ये डिप्लोमा घेऊन बाहेर पडले. रझा, सूझा, हुसेन यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपशी जोडले गेले, पण कुठल्याही ग्रुपमध्ये फार रमले नाहीत. मित्र त्यांना 'गाय' म्हणायचे. सुरुवातीला भारतीय लघुचित्रांचा अभ्यास, मग पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा प्रभाव, आणि पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडे चित्रातून माणसं, झाडं, वस्तू निघूनच गेल्या. १९७१ मध्ये पद्मश्री. त्यानंतर ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटे राहून चित्रं काढत राहिले. २००१ मध्ये गेले. पुढे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि मग आपल्याकडेही नाव सगळ्यांच्या तोंडी आलं. २०२१ मध्ये त्यांचं एक चित्र जवळपास ४० कोटींना गेलं. किमतीचा विषय इथेच संपवते. त्या पैशांतला एक रुपयाही त्यांनी पाहिलेला नाही.

मला जास्त इंटरेस्ट होता तो त्यांच्या दिवसात. वर्षाला त्यांची पाच-सहाच चित्रं व्हायची. आळस नव्हता. कॅनव्हाससमोर बसून राहणं, आठवडेच्या आठवडे मनात काही घोळू देणं, हा त्यांच्या कामाचाच भाग होता. शांततेबद्दल ते फार बोलत, म्हणजे जेवढं बोलत त्यात. झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांची त्यांना ओढ होती. चित्रांना ते नावं देत नसत. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना पटत नव्हता. ते स्वतःच्या चित्रांना नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत, म्हणजे वस्तुनिरपेक्ष.

या शब्दावर मी नालासोपाऱ्यापर्यंत अडकून होते. 'अमूर्त' म्हटलं की वाटतं, आधी काहीतरी मूर्त होतं आणि चित्रकाराने ते पुसत पुसत नेलं. समुद्र होता, त्याची रेघ झाली. झाड होतं, त्याचा डाग झाला. गायतोंडे म्हणत होते की तसं नाही, मी कशाचं काही केलेलं नाही. मग त्या चित्रात निसर्ग आला कुठून? कारण येतो तर खराच. त्यांची साठच्या दशकातली चित्रं बघणाऱ्या जवळपास प्रत्येकाला त्यात क्षितिज दिसलंय, धुकं दिसलंय, पाणी दिसलंय.

समुद्रासमोरची खोली

त्याचं एक साधं कारण पत्त्यात आहे. वॉर्डन रोडवर, ब्रीच कँडीला, भुलाभाई देसाई यांच्या नावाने एक संस्था चालायची. थेट समुद्रासमोर. तिथे चित्रकारांना जवळपास फुकटात स्टुडिओ मिळायचे. एकाच वास्तूत हुसेन चित्रं काढतायत, अल्काझी नाटक बसवतायत, रविशंकर सतार शिकवतायत. मुंबईत असं काही होतं, यावर आज विश्वास बसत नाही. गायतोंडे तिथे बरीच वर्षं काम करत होते. खिडकीबाहेर अरबी समुद्र. तोच, जो पुढे वर सरकत आपल्या कळंब-राजोडीला येतो.

कितीतरी वर्षं रोज तेच पाणी डोळ्यांसमोर असलं तर माणसाचं काय होत असेल? मला वाटतं, पहिल्या महिन्यात तो लाटा बघतो. मग भरती-ओहोटी बघतो. मग काहीच बघत नाही, आणि तेव्हा ते पाणी हातात उतरतं. हे माझं म्हणणं आहे, गायतोंडे यांचं नाही. पण त्यांची कामाची पद्धत वाचली की हे म्हणणं अगदीच हवेतलं वाटत नाही.

ते ब्रशवर फारसे अवलंबून नव्हते. रोलरने रंग पसरवायचे, पॅलेट नाइफने खरवडायचे. पुढे पुढे मासिकांचे, वर्तमानपत्रांचे फाडलेले तुकडे वापरून त्यांनी रंग कॅनव्हासवर उमटवला आणि उचललाही. म्हणजे एक थर द्यायचा, थांबायचं, दुसरा द्यायचा, त्यातला थोडा काढून घ्यायचा, खालचा थर वर येऊ द्यायचा. रंग कुठे जमेल आणि कुठे ओघळेल हे काही प्रमाणात रंगावर सोडायचं, पण बघत राहायचं आणि नेमक्या क्षणी अडवायचं.

ओहोटीला नायगावच्या खाडीत चिखल उघडा पडतो तेव्हा हेच चाललेलं असतं. पाणी एक थर ठेवून जातं, जाताना थोडा खरवडून नेतं. दुपारी ऊन त्याच्यावर भेगा काढतं, रात्री भरती त्या बुजवते. खाडीने चिखलात काय 'काढलंय', असं कुणी विचारत नाही. भाईंदर सोडलं की पुलावरून दिसणाऱ्या मिठागरांचंही तेच. चौकोनात पाणी घ्यायचं, उन्हावर सोडायचं, थांबायचं. कुठला चौकोन राखाडी, कुठला गुलाबीसर, कुठला पांढरा. रोज सकाळी दाराजवळची जागा मिळालेला प्रत्येक माणूस हे प्रदर्शन फुकटात बघून जातो. बघतो म्हणजे, मोबाइलवरून मान वर केली तर.

मला पटलेलं उत्तर असं आहे. निसर्ग या चित्रांत विषय म्हणून आलेला नाही, तो कामाची पद्धत म्हणून आलाय. गायतोंडे समुद्र काढत नव्हते. समुद्र जसा वागतो, तसे ते रंगाशी वागत होते.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी फॅड. आमच्या ग्रुपमध्ये म्हणालंच एकजण. त्याला मी आपल्याच जिल्ह्याकडे बोट दाखवलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती वारली चित्रांसाठी. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर एक गोळा. डोंगराचा त्रिकोण, सूर्य-चंद्राचा गोल. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, बस. गोष्टीतून नेमकं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्याची ती पद्धत कुठल्या युरोपातून आलेली नाही. अर्थात वारली आणि गायतोंडे एक नव्हेत. वारली चित्र गोष्ट सांगतं, लग्न, पेरणी, तारपा नाच. गायतोंडे गोष्टच काढून टाकतात. पण 'जसंच्या तसं काढलं तरच चित्र' हा हट्ट दोघांनाही नाही.

पोस्टर कलर आणि वसईचा जुलै

वाचून झाल्यावर जे व्हायचं तेच झालं. मला वाटलं, जमेल आपल्याला. घरातला जुना ड्रॉइंग पेपर काढला, पोस्टर कलर काढले, रोलरऐवजी भिंत रंगवून उरलेला स्पंजचा तुकडा आणि पॅलेट नाइफऐवजी मुदत संपलेलं एटीएम कार्ड. रद्दीचे तुकडे तर घरात होतेच.

पहिला थर पिवळा. त्यावर हिरवा. कार्डाने खरवडलं. खालचा पिवळा वर येईल असं वाटलं होतं, आला तो शेणासारखा रंग. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग चिडून कारण शोधलं आणि ते कारण भारी निघालं.

पोस्टर कलर वाळतो तो पाणी उडून. वर ओला थर दिला की खालचा पुन्हा विरघळतो आणि दोन्ही मिसळतात. तैलरंगात पाणी नसतंच. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं. म्हणजे तैलरंग वाळत नाही, एका अर्थाने पिकतो. त्याला दिवस लागतात, जाड थर असेल तर आठवडे. पण एकदा तो घट्ट झाला की वरच्या थराने सहजी विरघळत नाही. म्हणून त्यावर दुसरा पातळ, पारदर्शक थर देता येतो, त्यावर तिसरा. उजेड या थरांतून आत शिरतो, खालच्या फिकट रंगावर आपटून परत येतो, आणि येताना प्रत्येक थराचा थोडा थोडा रंग घेऊन येतो. चित्राला आतून दिवा लावल्यासारखा तो उजेड म्हणजे हा जाऊन आलेला उजेड. वरून हिरवा फासला तर तो नाही मिळत.

बावखलातही उजेड असाच आत जाऊन परत येतो. वर शेवाळाची साय, खाली गढूळ पाणी, त्याखाली तळाचा गाळ, आणि सगळ्यावर आभाळाची झाक. मी चारही गोष्टी एकाच थरात उरकायला बघत होते, म्हणून मैदान झालं होतं.

आता थांबायचं ठरवलं तर दुसरी गंमत. वसईत जुलै महिन्यात काहीच वाळत नाही. दोरीवरची जीन्स तिसऱ्या दिवशीही ओली असते, तिथे कागदाचं काय घेऊन बसलात. सकाळी दिलेला थर संध्याकाळी बोटाला लागायचा. मी हेअर ड्रायर आणला. आईने वीजबिल दाखवलं. मग नाइलाजाने कागद कपाटावर ठेवून दिला आणि रिकामा वेळ कुठे घालवायचा म्हणून बावखलावर जाऊन बसायला लागले. साधना वगैरे अजिबात नाही. थर वाळत नव्हता, म्हणून.

पहिल्या दिवशी सात मिनिटांत फोन काढला. दुसऱ्या दिवशी फोन घरी ठेवून गेले आणि डास चावले एवढंच आठवतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं की शेवाळ हिरवं नाही. म्हणजे हिरवं आहे, पण सकाळी पिवळं असतं आणि पाऊस पडायच्या आधी जवळजवळ निळं. खंड्या झेप घेतो तेव्हा त्याने केलेलं भोक आधी काळं दिसतं, मग पांढरं, मग कडेने बुजत जातं. आजीला सांगितलं तर तिला त्यात नवल वाटलं नाही. तिचं आयुष्य या पाण्यावर वाडी शिंपण्यात गेलंय. काठावरच्या ओल्या मातीची पट्टी किती रुंद झाली यावरून ती मार्च महिन्यात पाणी अजून किती दिवस पुरेल ते सांगायची. हे बघणं पोटासाठी होतं, चित्रासाठी नव्हतं. पण डोळे तेच.

बसून राहणं कुणाला परवडतं?

इथे एक प्रश्न मला टोचत राहिला. गायतोंडे यांना आठवडेच्या आठवडे बसता आलं, कारण ते एकटे होते, गरजा कमी होत्या, आणि बाकी सगळं त्यांनी तोडून टाकलं होतं. घराशीही फारसा संबंध ठेवला नाही. त्याचं कौतुक करणारे लेख खूप आहेत. मला ते सगळंच कौतुकाचं वाटत नाही. सकाळी सात बाराची लोकल, कॉलेज, मग पार्टटाइम जॉब, रात्री दहाला घरी, अशा मुलाने कधी बसायचं? विरार ते चर्चगेट फास्ट ट्रेननेही दीड तास जातो. येऊन-जाऊन तीन.

म्हणून मला प्रभाकर बरवे जवळचे वाटतात. तेही जे. जे. चेच. जन्म १९३६ चा, अलिबागजवळच्या नागावचा. बरवे यांनी अनेक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. टेक्स्टाइल डिझाइनचं काम, ऑफिसची वेळ, सगळं. आणि रोज डायरी लिहिली. डायरीत शब्दही आणि छोटी रेखाटनंही. पान, शंख, घड्याळ, सेफ्टी पिन, पिशवी. त्यांच्या चित्रांत याच वस्तू येतात, पण एकमेकांपासून सुट्या होऊन, मोकळ्या जागेत तरंगत. ते गायतोंडे यांच्यासारखे पूर्ण वस्तुनिरपेक्ष कधीच झाले नाहीत. पण एखादं पान म्हणजे काय, आणि कॅनव्हासवर त्याचं काय होतं, याचा विचार त्यांनी जितक्या चिकाटीने केला तितका फार कमी जणांनी केलाय. त्यावर त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे मराठी पुस्तक आहे, १९९० मधलं. लायब्ररीत मिळालं तर सोडू नका. कलेवरची मराठी पुस्तकं वाचताना जो घसा कोरडा पडतो तो इथे पडत नाही. बरवे १९९५ मध्ये गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन केलं, त्यात या डायऱ्याही होत्या.

आणि नसरीन मोहमदी. भुलाभाईत गायतोंडे यांच्या शेजारी काम करणारी, त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. तिची चित्रं म्हणजे शाई-पेन्सिलीच्या रेघा, फक्त रेघा. एखादी इंजिनीअरिंग ड्रॉइंगची शीट बघावी तशी. पण ती फोटोही काढायची, काळे-पांढरे. ओल्या वाळूवरची ओहोटीची रेघ, फरशीवरची सावली, विणकराच्या मागाचे ताणलेले धागे. तिने हे फोटो जिवंतपणी कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. ते बघितल्यावर कळतं की तिच्या रेघा आकाशातून पडलेल्या नव्हत्या. मज्जासंस्थेच्या आजाराने तिचं शरीर तिला साथ देईनासं झालं, तरी रेघ सरळच राहिली. ती गेली १९९० मध्ये, अलिबागजवळच्या किहीमला, समुद्राकाठी. मी तिचे फोटो बघून अर्नाळ्याला गेले. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला बांबू बांधलेले असतात, त्यांच्या सावल्या संध्याकाळी वाळूवर तिरप्या पडतात. इतकी वर्षं मला तिथे फक्त वास आठवायचा.

गायतोंडे यांच्यावरही अशी वेळ आली. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास हाताळणं अवघड झालं. तर त्यांनी लहान कागदांवर शाईने चित्रं काढली. एका लिपीची अक्षरं असावीत पण वाचता येऊ नयेत, असे आकार. रंग नाही, थर नाहीत, रोलर नाही. तरी चित्र त्यांचंच, लगेच ओळखू येतं.

यांची चित्रं बघायची असतील तर मुंबई लांब नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, समोरच्याच चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. मांडलेली चित्रं बदलत असतात, त्यामुळे गेलात त्या दिवशी गायतोंडे असतीलच असं नाही. असले तर चित्रासमोर किमान दहा मिनिटं उभे राहा. पहिली तीन कंटाळवाणी जातील, हे आधीच सांगते. फोनवर बघून मात्र मत बनवू नका. जाऊन आलेला उजेड स्क्रीनवर दिसत नाही. स्क्रीनचा उजेड स्वतःचा असतो.

ब्रीच कँडीची ती समुद्रासमोरची वास्तू मात्र बघायला मिळणार नाही. ती पाडली गेली. तिच्या जागी आता उंच इमारत आहे. समुद्र अर्थातच अजून दिसत असणार, वरच्या मजल्यांवरून जास्तच चांगला.

आमच्या बावखलाचं म्हणाल, तर दिवाळीपर्यंत पलीकडची जवळजवळ अर्धी बाजू गेली. भरावावर गवतही उगवलंय. बाजूच्या एका गावात मुलांनी मिळून एक बावखल साफ केलं, गाळ काढला, हे ऐकून आम्हीही इथे काही करता येईल का ते विचारून बघितलं. उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल दोन्ही घरांत बोलणं चालू आहे. काय होईल माहीत नाही.

पाऊस संपल्यावर हवा कोरडी झाली आणि थर वाळायला लागले. आता मी पाण्याने न विरघळणारे ॲक्रिलिक रंग आणलेत, तैलरंग अजून खिशाला परवडत नाहीत. सध्या कागदावर तीन थर आहेत. पिवळा, त्यावर मातकट, त्यावर अगदी पातळ हिरवा. चौथा कुठला द्यायचा ते ठरलेलं नाही, म्हणून तीन आठवडे काही केलेलं नाही.

परवा संध्याकाळी अशीच काठावर बसले होते. भरावाच्या कडेवरून एक लादीचा तुकडा घसरून पाण्यात पडला. शेवाळात भोक पडलं, त्यात क्षणभर केशरी आभाळ दिसलं, आणि साय कडेकडेने जुळत आली. आजी काठी टेकत मागे येऊन उभी राहिली होती. कागद मांडीवर होता, तिने वाकून बघितला.

"हे काय काढतेयस?"

"अजून ठरलं नाही गं."

तिने बराच वेळ कागदाकडे बघितलं, मग पाण्याकडे. "इथे खाली जरा काळं पाहिजे," असं म्हणाली आणि माझ्या शेजारी दगडावर बसली.